दुरून वायू ओळखणारे अवरक्त सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळती झालेल्या टाकीजवळ न जाता, शेकडो मीटरवरून हवेत कोणता वायू पसरलाय हे सांगणारी यंत्रं आता सुरक्षा विभागांत, अग्निशमन दलांत आणि संशोधन संस्थांत रुळली आहेत. ती वापरणाऱ्या किंवा घेण्याचा विचार करणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बरीचशी उत्तरं फिरून एकाच मुद्द्यापाशी येतात, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. दुरून बघणारी बहुतेक यंत्रं वायू आणि त्याच्या मागे जे काही आहे, या दोहोंतला फरक मोजतात. फरक नसेल तर वायू असूनही पडदा रिकामा राहतो.

डोळ्यांना न दिसणारा वायू यंत्राला कसा दिसतो?

रेणूतले अणू स्थिर नसतात. स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांसारखे ते सतत थरथरत असतात आणि प्रत्येक बंधाची थरथरण्याची लय ठरलेली असते. ही लय अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या, किरणांच्या लयीशी जुळली की रेणू तो किरण शोषून घेतो. मिथेन ३.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास शोषतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सल्फर डायऑक्साइड ७.३ आणि ८.६ मायक्रॉनला, सल्फर हेक्साफ्लोराइड १०.६ मायक्रॉनला. अमोनियाच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती शोषण होतं त्या आलेखात, १०.३ आणि १०.७ मायक्रॉनपाशी दोन टोकदार शिखरं शेजारीशेजारी उभी असतात. एकदा पाहिली की ती विसरायला होत नाहीत.

याची मुळं जुनी आहेत. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून आलेल्या सूर्यप्रकाशात तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथेही पारा चढलेला पाहिला. १८५६ मध्ये युनिस फूट यांनी कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात हवेपेक्षा जास्त तापते हे दाखवलं. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी एका लांब नळीत वायू भरून, एका टोकाला उष्णतेचा स्रोत आणि दुसऱ्या टोकाला मापक ठेवून, कोणता वायू किती उष्णता अडवतो ते मोजलं. आजच्या यंत्रांची मांडणी मुळात तीच आहे. नळी तेवढी गेली आणि तिच्या जागी मोकळी हवा आली.

प्रत्येक वायू असा ओळखता येतो का?

नाही. आणि हे उत्तर सगळ्यात आधी पाठ करावं.

थरथरताना ज्या रेणूतली धन आणि ऋण भाराची मांडणी हलत नाही, तो अवरक्त किरण शोषत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे ते या किरणांना जवळपास पारदर्शक असतात. हे आपल्या पथ्यावर पडतं, कारण कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग याच दोन वायूंचा आहे. पण हाच नियम हायड्रोजन आणि क्लोरिनलाही लागू होतो. क्लोरिन जीवघेणा आहे, पाणी शुद्ध करण्यासाठी सर्रास साठवला जातो, आणि कितीही भारी अवरक्त यंत्र लावलं तरी ते त्याला शोधू शकत नाही. त्याच्यासाठी जागेवर बसवलेले विद्युतरासायनिक सेन्सर किंवा अतिनील किरणांवर चालणारी यंत्रं लागतात. हायड्रोजन सल्फाइड शोषतो, पण इतका क्षीण की दुरून त्याच्यावर विसंबू नये. पाऱ्याची वाफ सुट्या अणूंची असते. तिथे बंधच नाही, तर थरथरणार काय?

म्हणून यंत्र घेण्याआधी आपल्या आवारात कोणकोणती रसायनं आहेत याची यादी समोर ठेवावी आणि प्रत्येकापुढे 'अवरक्तात दिसतं की नाही' हे लिहून काढावं. हे काम एका दुपारचं आहे.

मधली हवाच आड येत नाही का?

येते. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचा मोठा भाग गिळून टाकतात. पण दोन ठिकाणी हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते. एक खिडकी ३ ते ५ मायक्रॉनची, दुसरी ८ ते १४ मायक्रॉनची. पहिलीत ४.३ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइडचं आणि दुसरीत ९.६ मायक्रॉनला ओझोनचं शोषण आहे, तरी काम भागतं.

दुसरी खिडकी दोन कारणांनी मोलाची आहे. सेंद्रिय रसायनांचे बहुतेक ओळखीचे ठसे याच पट्ट्यात पडतात. शिवाय २७ अंश सेल्सिअसला असलेली कोणतीही वस्तू, भिंत, झाड किंवा जमीन, सगळ्यात जास्त किरण ९.७ मायक्रॉनच्या आसपासच सोडते. म्हणजे दिवा आपोआपच पेटलेला आहे, रात्रीसुद्धा.

धुकं आणि जोराचा पाऊस मात्र दोन्ही खिडक्या झाकोळतात.

काचेच्या खिडकीतून मोजता येईल का?

नाही. साधी काच ५ मायक्रॉनच्या पुढे अपारदर्शक असते. गाडीच्या काचेआडून मोजलं तर काचेचं तापमान मोजलं जाईल. या यंत्रांची भिंगं आणि खिडक्या जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइडच्या असतात, त्याचं कारण हेच.

स्वतःचा प्रकाश न टाकता काही यंत्रं कशी चालतात? आणि वायू मध्येच 'गायब' का होतो?

यातली गोम कळली की बाकी सगळं सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रकाश न टाकणारं यंत्र मागच्या भिंतीकडून, डोंगराकडून किंवा आकाशाकडून येणारे नैसर्गिक अवरक्त किरण घेतं. मध्ये वायूचा ढग आला की तो आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचे किरण शोषतो. पण जो चांगला शोषतो, तो त्याच तरंगलांबीला चांगला उत्सर्जितही करतो. ढग मागच्या भिंतीपेक्षा थंड असेल तर शोषण वरचढ ठरतं आणि वर्णपटात खड्डा दिसतो. ढग भिंतीपेक्षा गरम असेल तर उत्सर्जन वरचढ ठरतं आणि त्याच जागी उंचवटा दिसतो. दोघांचं तापमान सारखं असेल तर जितकं शोषलं तितकंच परत दिलं जातं. खड्डाही नाही, उंचवटाही नाही. वायू तिथेच असतो, यंत्रापर्यंत त्याची काहीही खूण पोहोचत नाही.

एक ढोबळ हिशेब करू. ढग एखाद्या तरंगलांबीला १ टक्का किरण शोषतो असं धरा. ढग आणि भिंत यांच्यात २ अंशांचा फरक असेल, तर यंत्राला दिसणारा बदल साधारण ०.०२ अंशाचा असतो. हे चांगल्या यंत्रालाही कठीण जातं. तोच ढग त्याच्यापेक्षा ४० अंशांनी थंड अशा निरभ्र आकाशापुढे बघा. बदल ०.४ अंशाच्या घरात जातो. वायूचं प्रमाण तेच, यंत्र तेच. आपण फक्त चार पावलं बाजूला झालो आणि यंत्राचं तोंड थोडं वर केलं.

दाबाखालून सुटणारा वायू फुगताना थंड होतो, त्यामुळे गळतीच्या तोंडाशी तो ठळक दिसतो. पुढे तो हवेत मिसळतो आणि हवेचंच तापमान घेतो. मग प्रश्न एवढाच उरतो की हवा आणि मागची पार्श्वभूमी यांच्यात किती फरक आहे. उन्हात तापलेली भिंत दुपारी हवेपेक्षा गरम असते, पहाटे थंड. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी अशी एक वेळ येतेच जेव्हा दोन्ही समान होतात. त्या घटकेला भिंतीकडे तोंड करून घेतलेलं मोजमाप निरुपयोगी असतं. हवेचं तापमान आपल्या हातात नाही, वायूचंही नाही. पार्श्वभूमी मात्र निवडता येते, आणि माझ्या मते चांगला चालक ओळखायचा तो यावरूनच.

मग स्वतः किरण सोडणारी यंत्रंच का वापरू नयेत?

वापरतात. त्यांचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिल्यात एका टोकाला स्रोत आणि शे-दोनशे मीटरवर आरसा असतो, जो किरण आला त्याच दिशेने परत पाठवतो. आवाराच्या हद्दीवर अदृश्य कुंपण घातल्यासारखं हे काम करतं. मात्र आरसा आधी बसवावा लागतो. अनोळखी अपघाताच्या ठिकाणी तो कोण नेऊन ठेवणार?

दुसरा प्रकार हातात धरायच्या मिथेन लेसरचा. तो १.६५ मायक्रॉनचा किरण जमिनीवर किंवा भिंतीवर टाकतो आणि परतलेला प्रकाश तपासतो. पल्ला काही दहा मीटरचा, पण गॅसवाहिनीच्या तपासणीला उत्तम.

तिसरा प्रकार लायडारचा, म्हणजे लेसर सोडून परतलेल्या प्रकाशावरून अंतरही मोजणाऱ्या यंत्राचा. जवळजवळच्या दोन तरंगलांब्यांचे लेसर सोडायचे, एक वायू शोषेल असा आणि एक शोषणार नाही असा. परतलेल्या दोन संकेतांतल्या फरकावरून प्रमाण कळतं आणि परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर. किरणाला १५० मीटर जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद लागतो. ढग किती दूर आहे, हे पार्श्वभूमीवर चालणारं एकटं यंत्र सांगू शकत नाही. लायडार ते सांगतो.

या कामासाठी पूर्वी ९ ते ११ मायक्रॉनचे कार्बन डायऑक्साइड लेसर वापरत. ते मोठे आणि जड असत. १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये क्वांटम कॅस्केड लेसर तयार झाला. त्याची कल्पना काझारिनोव्ह आणि सुरिस यांनी १९७१ मध्येच मांडली होती. या लेसरची तरंगलांबी अर्धवाहकाच्या अतिपातळ थरांच्या जाडीवर ठरते, त्यामुळे ज्या रसायनासाठी हवा त्यासाठी तो घडवता येतो.

'एफटीआयआर' म्हणजे काय?

फूरिये रूपांतरावर चालणारा अवरक्त वर्णपटमापक. आत मायकेलसन यांचा व्यतिकरणमापी असतो. येणारा प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, एका वाटेवरचा आरसा पुढेमागे सरकवायचा आणि दोन्ही किरण पुन्हा एकत्र आणायचे. आरसा सरकताना प्रकाश कमीजास्त होतो आणि त्याची एक गुंतागुंतीची नोंद मिळते. तिचं गणिती रूपांतर केलं की वर्णपट हाती येतो. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी हे रूपांतर झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर पडू शकली.

वायूच्या दूरमापनासाठी बऱ्याचदा ४ प्रति सेंटिमीटर (एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात, त्या मापात) इतका बारकावा पुरतो. त्यासाठी आरसा जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकला तरी चालतं, मात्र त्याची जागा लेसरच्या साहाय्याने मायक्रॉनपेक्षाही बारीक मापात माहीत असावी लागते. सगळ्या तरंगलांब्या एकाच वेळी मोजल्या जातात, हा या पद्धतीचा खरा फायदा. क्षीण संकेत असताना तो फार कामी येतो.

वायू दाखवणारा कॅमेरा आणि वर्णपटमापक यांत फरक काय?

कॅमेरा गळती कुठे आहे ते दाखवतो, वर्णपटमापक काय गळतंय ते सांगतो. हायड्रोकार्बनसाठीच्या कॅमेऱ्यात ३.२ ते ३.४ मायक्रॉनचा गाळक असतो. पडद्यावर धुरासारखा हलता लोट दिसतो आणि जिथून तो निघतो तो व्हॉल्व्ह लगेच सापडतो. पण मिथेन, प्रोपेन आणि ब्यूटेन तिन्ही त्याला सारखेच. दोन्ही कामं एकत्र करणारे कॅमेरे, ज्यांत प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण वर्णपट मिळतो, तेही आहेत. ते महाग आहेत आणि माहितीचा ढीग उभा करतात.

इमारतीतली ओल किंवा तापलेल्या वायरी शोधायचा साधा थर्मल कॅमेरा मिथेनसाठी वापरू नका. त्याचा पट्टा ८ ते १४ मायक्रॉनचा, मिथेनची शिखरं ३.३ आणि ७.७ ला. शिवाय बारीक गाळक नसल्याने बाकीच्या उजेडात वायूची खूण बुडून जाते.

आकडा 'पीपीएम-मीटर'मध्ये का येतो? मला तर पीपीएम हवेत.

पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग. यंत्र ढगातून आरपार बघतं, त्यामुळे प्रमाण आणि ढगाची जाडी यांचा गुणाकार त्याच्या हाती लागतो. १०० पीपीएमचा ५ मीटर जाड ढग आणि १० पीपीएमचा ५० मीटर जाड ढग, दोन्ही ५०० पीपीएम-मीटर. आत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र हे दोन ढग फार वेगळे आहेत. जाडीचा अंदाज दुसऱ्या दिशेने लावलेल्या दुसऱ्या यंत्रावरून घ्यावा लागतो. तोवर तुमच्या अहवालात पीपीएम-मीटरच लिहा. अंदाजाने भागाकार करून आलेला पीपीएमचा आकडा पुढे कुणीतरी सुरक्षित मर्यादेशी ताडून बघतं आणि चुकीचा निर्णय घेतं.

किती दुरून ओळखता येतं?

एकच आकडा सांगणाऱ्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. अनुकूल परिस्थितीत काही किलोमीटर, प्रतिकूल परिस्थितीत काहीशे मीटरही नाही. तापमानातला फरक, हवेतली आर्द्रता, रसायन किती जोरात शोषतं, हे सगळं त्यात येतं. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात, ती म्हणजे यंत्राच्या नजरेचा घेर. तो १० मिलिरेडियन (सुमारे अर्ध्या अंशाचा कोन) असेल तर १ किलोमीटरवर यंत्र १० मीटर व्यासाचं वर्तुळ बघतं. १ मीटर रुंदीचा लोट त्या वर्तुळाचा जेमतेम आठवा भाग व्यापतो आणि संकेतही तितकाच पातळ होतो.

ढग अवाढव्य असेल तर अंतराची अडचण उरत नाही. २००६ पासून मेटॉप उपग्रहांवर असलेलं 'आयासी' हे यंत्र ८०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून ८४६१ तरंगपट्टे मोजतं आणि ज्वालामुखीचा सल्फर डायऑक्साइड किंवा शेतीतून आणि पशुपालनातून उठणारा अमोनिया टिपतं. पण त्याचा एक ठिपका खालच्या जमिनीवर सुमारे १२ किलोमीटरचा असतो.

प्रत्यक्ष कुठे कामी आलं?

लॉस एंजेलिसजवळच्या ॲलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत वायुसाठ्याची गळती ऑक्टोबर २०१५ मध्ये लक्षात आली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये थांबली. तोपर्यंत सुमारे ९७,००० टन मिथेन हवेत गेला होता आणि हजारो कुटुंबांना घर सोडावं लागलं होतं. नुसत्या डोळ्यांना तिथे एक शांत टेकडी दिसत होती. अवरक्त कॅमेऱ्याच्या चित्रफितीत त्याच टेकडीवरून काळा लोट भळाभळा वाहताना जगाने पाहिला. माझ्या मते या तंत्राने केलेलं हे सर्वांत मोठं काम आहे. आकडेवारीने जे पटत नव्हतं, ते एका चित्राने पटलं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं 'ॲस्पेक्ट' विमान २००१ पासून रासायनिक अपघातांवरून उडत वरूनच वर्णपट घेतं. सैन्यदलं विषारी वायूंचा इशारा मिळवण्यासाठी एफटीआयआर वापरतात.

एटना आणि स्ट्रॉम्बोलीवर शास्त्रज्ञ तप्त खडक किंवा लाव्हा हाच दिवा मानून, समोरच्या वायूतलं सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइडचं गुणोत्तर मोजतात. खोलवरच्या शिलारसातून वर येणाऱ्या वायूचं मिश्रण वेगळं असतं, त्यामुळे आत काय चाललंय याचा अंदाज येतो. तिथे पार्श्वभूमी शेकडो अंशांनी गरम असते, म्हणून संकेत अप्रतिम मिळतो.

यंत्र नाव सांगतं ते नक्की खरं असतं का?

यंत्र आपल्याकडच्या संग्रहातल्या वर्णपटांशी तुलना करून सर्वांत जवळचं नाव देतं. संग्रहात जे नाही, त्याचं नाव येणार नाही. कधी कधी भलतंच नाव येतं. मिथेनॉल, ओझोन आणि फॉस्फरसयुक्त विषारी संयुगं यांचे पट्टे ९.५ ते १० मायक्रॉनच्या परिसरात दाटीने बसलेले आहेत, त्यामुळे तिथे घोटाळा संभवतो. नाव वाचून थांबू नका, वर्णपट उघडून बघा. शिखर आहे की नुसता फुगवटा, दुसरं अपेक्षित शिखर दिसतंय का, आणि ढग वाऱ्याबरोबर सरकतो तसा संकेतही सरकतो का, हे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ चुका टळतात.

जमिनीवर सांडलेलं द्रव दुरून कळेल का?

त्याची वाफ पुरेशी होत असेल तरच. अमोनिया झटकन वाफ होतो. व्हीएक्ससारखं तेलकट विष इतकं कमी उडतं की वर जवळपास काहीच सापडत नाही, आणि तरी स्पर्शाने ते प्राणघातक असतं.

यंत्र थंड का ठेवावं लागतं?

सेन्सर स्वतः गरम असेल तर त्याच्याच उष्णतेचा गोंधळ मोजमापात मिसळतो. मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचे सेन्सर द्रव नायट्रोजनने किंवा छोट्या स्टर्लिंग शीतयंत्राने उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवतात. सुरू केल्यावर थंड व्हायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे घटनास्थळी पोहोचण्याआधी वाटेतच यंत्र चालू करा. न थंडावता चालणारे सेन्सर स्वस्त आणि टिकाऊ आहेत, पण कमी संवेदनशील.

पडदा रिकामा आहे. आत जायला हरकत नाही ना?

हरकत आहे. रिकाम्या पडद्याची कारणं मोजा. वायू खरंच नसेल. किंवा तो क्लोरिनसारखा अवरक्तात न दिसणारा असेल. पार्श्वभूमी आणि हवा एकाच तापमानाला आली असेल. लोट नजरेच्या घेरापेक्षा फार बारीक असेल. भिंतीआड, खड्ड्यात किंवा गटारात साचला असेल. संग्रहात त्याचं नाव नसेल. या सहांपैकी एकाच कारणात आत जाणं सुरक्षित आहे, आणि पडदा सहाही वेळा सारखाच दिसतो.

यंत्राने 'आहे' म्हटलं आणि वर्णपटाने ते पटलं, तर लगेच हालचाल करा: माणसं हलवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला या. 'नाही' म्हटलं तर जागा बदला, पार्श्वभूमी बदला, आणि आत जाणाऱ्याच्या अंगावर श्वसनसाधन आणि हातात जागेवर मोजणारा सेन्सर असल्याशिवाय त्याला सोडू नका.

सराव कसा करावा? खरा वायू सोडावा लागतो का?

सल्फर हेक्साफ्लोराइड या सरावात फार वापरला गेला, कारण तो विषारी नाही आणि ठळक दिसतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक आहे. तो मोकळ्या हवेत सोडू नये असं मला ठामपणे वाटतं. त्याऐवजी दोन्ही बाजूंना अवरक्त खिडक्या असलेली, ठरावीक प्रमाणात वायू भरलेली बंद पेटी यंत्रापुढे धरा.

पेटी तीच, यंत्र तेच ठेवून एकाच भिंतीकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने मोजमाप घ्या. सोबत पेटीचं आणि भिंतीचं तापमान वहीत लिहा. कोणत्या वेळी संकेत नाहीसा झाला आणि कोणत्या वेळी खड्ड्याचा उंचवटा झाला, तिथे खूण करा. मग हेच आकाशाकडे तोंड करून पुन्हा करा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. नव्या चालकाला यंत्र सोपवण्याआधी ही वही त्याच्याकडून भरून घ्या.